मडक्यात उरलेला खडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती, ते मला विचारू नका. तेव्हा मी नव्हतो आणि तुमचे पणजोबाही नव्हते. पण रस्ते होते, आणि रस्ते आले की घाई आलीच.

डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. राजधानीला वेस एकच आणि वेशीतून निघणारा रस्ताही एकच. तो खिंडीतून वळणं घेत बाजारच्या गावाला जायचा. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल ओढा. कुंभार, गवळी, विणकर, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांची ये-जा तिथूनच.

त्या राज्यात एक रीत होती. तुमच्या घरीही असेल. घराबाहेर पडणाऱ्यानं "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. घरातल्यांनी म्हणायचं, "सावकाश ये." मगच पाऊल उंबऱ्याबाहेर टाकायचं.

तिथं हैबती नावाचा एक गडी राहायचा. विड्याची पानं बाजारात नेऊन विकायचा. पानं ही नाजूक जात, ऊन लागलं की माना टाकतात. म्हणून हैबतीला घाई. त्याचा छकडा हलका आणि बैल तरणे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळासुद्धा त्यानं काढून ठेवल्या होत्या. का, तर म्हणे वजन होतं! आसूड उडवत तो असा निघायचा, की "येतो"मधला "ये" घरात पडायचा आणि "तो" वेशीबाहेर. बायको हिरू "सावकाश" म्हणेपर्यंत दारात नुसती धूळ उरायची.

लोक शिव्या द्यायचे. पण खरं सांगू? निम्मे लोक कौतुकही करायचे. "काय पळवतो हो गडी!" असं म्हणायचे आणि तीच ताजी पानं चघळायचे. माणसाला बिघडवायला एवढं पुरतं.

एक दिवस ठकूबाई कुंभारीण डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन खिंडीच्या वळणावर आली. समोरून हैबतीचा छकडा आला. घुंगरं नाहीत, त्यामुळे चाहूल नाही. बैल अंगावर आले तेव्हा म्हातारीनं पाटी टाकली आणि ओढ्याच्या बाजूला उडी घेतली. मडक्यांचा चुरा झाला. म्हातारी घरंगळत गेली आणि काठावरच्या एका बाभळीला अडकली. मनगट मोडलं, अंगात काटे भरले, पण जीव वाचला. हैबती थांबलाही नाही. गवळ्यांनी तिला वर काढलं आणि त्यांनीच हैबतीला दरबारात उभं केलं.

"दिसलीच नाही, महाराज," हैबती म्हणाला. "धूळच एवढी होती."

"धूळ कुणी उडवली रे?" एक गवळी ओरडला. दरबारात हशा पिकला. हैबती खाली बघू लागला.

मग वाद पेटला. एक म्हणाला, "कुणी मेलं नाही, त्यानं मुद्दामही केलेलं नाही. ताकीद द्या आणि सोडा. जोरात हाकलं म्हणून कुणी तुरुंगात टाकतं का?" सेनापती म्हणाले, "सात वर्षं अंधारकोठडी! म्हणजे अख्ख्या राज्याला जरब बसेल." दोन्हीकडच्यांचे आवाज चढले. राजा बिचारा कधी इकडे बघे, कधी तिकडे. न्याय करणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एक दिवस त्या गादीवर बसून बघावं.

शेवटी राजानं वेशीवरच्या आत्याबाईला बोलावलं. ती वेशीचं दार सकाळी उघडायची आणि सांजेला लावायची. रस्त्यावरचं तिच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आत्याबाई, ठकूबाई वाचली. मग याला सोडावं का?"

"महाराज, ठकू वाचली ती बाभळीमुळे. मान द्यायचा तर बाभळीला द्या. यानं तर तिला मारलीच होती. बाभळीचं पुण्य याच्या नावावर कशाला?"

"मग सात वर्षं कोठडी?"

"काळोखात बसून याला काय दिसणार? बाहेर आला की सात वर्षांचा वेळ भरून काढायला दुप्पट हाकील मेला." आत्याबाईनं वेशीच्या दिशेला हात केला. "माझे मालक या रस्त्यानं 'येतो' म्हणून गेले. मी 'सावकाश या' म्हणाले. ते सावकाशच चालले होते हो. हाकणारा सावकाश नव्हता. तोही म्हणाला, मुद्दाम नाही केलं. तुमच्या वडिलांनी त्याला तसाच सोडला. बारा वर्षं झाली, मी अजून दार लावताना एकदा बाहेर बघते."

"मग करू तरी काय, आत्याबाई?" राजानं विचारलं.

"तुरुंग द्या, महाराज," आत्याबाई म्हणाली. "महिनाभर द्या. पण माझ्या वेशीतल्या देवडीत, पहाऱ्याच्या खोलीत, गजांच्या खिडकीमागं. आणि काम मी देईन."

काम असं होतं. सकाळी वेशीबाहेर पडणारा प्रत्येक जण खिडकीशी थांबून हैबतीला "येतो" म्हणेल. हैबतीनं "सावकाश या" म्हणायचं आणि मडक्यात एक खडा टाकायचा. माणूस परतून "आलो" म्हणाला की एक खडा बाहेर काढायचा. मडकं रिकामं झाल्याशिवाय भाकरी नाही.

पहिले आठ दिवस हैबतीनं नुसता भुकेचा विचार केला. कुणाला उशीर झाला की चरफडायचा. "कुठं तडमडला हा विणकर!" मग हळूहळू तो माणसं ओळखू लागला. कुणाचं लेकरू तापलंय, कुणाची म्हैस विकायचीय, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत, सगळं खिडकीतून कळायचं. रस्त्यावरून तो इतकी वर्षं गेला होता, पण रस्त्यावर माणसं असतात हे त्याला देवडीत बसून समजलं.

सत्ताविसाव्या दिवशी ठकूबाई आली. मनगट बरं झालं होतं, डोक्यावर नवी पाटी होती. ती खिडकीशी थांबली नाही आणि "येते" म्हणाली नाही. हैबतीनं आपणहून मडक्यात खडा टाकला.

"सावकाश ये, मावशी," तो म्हणाला. तिनं मान वळवून बघितलंही नाही.

दिवस कलला. गवळी आले, विणकर आले, एकेक खडा बाहेर निघाला. दिवेलागण झाली आणि मडक्यात एकच खडा उरला.

हिरू भाकरी घेऊन आली होती. "गार होतेय," ती म्हणाली.

"अगं, खडा आहे अजून."

"दिसतोय मला."

"एवढा उशीर कसा झाला तिला? पाय घसरला असेल का? मनगट तरी धड धरत असेल का तिचं?" हैबती गज धरून रस्त्याकडं बघत राहिला.

हिरू शांतपणे म्हणाली, "मी रोज अशीच बसायचे. माझ्याकडं खडा नव्हता, एवढाच काय तो फरक."



तेवढ्यात खिंडीकडून घडघडाट आला. धुळीचा लोट उठला आणि एका गूळवाल्याचा छकडा भरधाव वेशीत शिरला. हैबती ओरडला, "अरे, वाटेत म्हातारी दिसली का? पाटीवाली?"

"कोण बघतंय!" गूळवाला हसत म्हणाला. "धूळच एवढी होती!"

 हैबतीचंच वाक्य होतं ते. दरबारात त्यानं किती सहज म्हटलं होतं! त्यानं गज गदागदा हलवले. "आत्याबाई, दार उघडा हो! मला ओढ्यापर्यंत जाऊ द्या, मी पळून जाणार नाही, देवाशपथ! ती बाभळीशी पडली असेल!"

आत्याबाई किल्ली घेऊन उठली. आणि वेशीत एक सावली आली. डोक्यावर रिकामी पाटी, पायात धुळीचे थर.

"काय बोंबलतोस रे?" ठकूबाई म्हणाली. "आले मी."

हैबती हसायला लागला आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागला. त्यानं मडक्यातला खडा काढला. "मावशी, जीव भांड्यात पडला बघ! एवढा उशीर का केलास गं?"

"तुझ्यामुळं," ठकूबाई म्हणाली. "आता वळण आलं की मी आधी थांबते. कान देते. छकड्याचा आवाज आला तर डोंगराला चिकटून उभी राहते, तो जाईपर्यंत. सात वळणं आहेत, मेल्या. उशीर होणार नाही तर काय?"

हैबतीनं गजांमधून हात जोडले.  मग ठकूबाई म्हणाली, "बरं, खा आता भाकरी." त्या रात्री हैबती पोटभर जेवला आणि महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपला.

राजा उरलेले तीन दिवस माफ करायला तयार होता. हैबतीनंच ते नाकारले. सुटल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा बांधायचं. आता तो सूर्य उगवायच्या आधी निघतो, पानांवर ओलं फडकं टाकतो आणि खिंडीच्या प्रत्येक वळणावर खाली उतरून बैलांचा कासरा धरून चालतो. पानं ताजीच पोचतात. ठकूबाई घुंगरांचा आवाज ओळखते आणि वळणावर न थांबता चालत राहते.

देवडी मात्र रिकामी राहिली नाही. तिथं आता गूळवाला बसतो, मांडीवर मडकं घेऊन; कुणी जखमी व्हायची वाट न बघता राजानं त्यालाही महिनाभर बसवलंय. हैबती रोज सकाळी दारात उभा राहून हिरूला अख्खं "येतो" म्हणतो, आणि तिचं "सावकाश या" पुरतं ऐकल्यावरच कासरा उचलतो. मग वेशीशी थांबून गूळवाल्यालाही म्हणतो, "येतो रे. माझा खडा टाक."

तात्पर्य : रस्त्यावरचा प्रत्येक माणूस घरी "येतो" म्हणून निघालेला असतो; त्याचा शब्द मोडेल अशी घाई करणाऱ्याला, कुणी मरायची वाट न बघता, आधीच थांबवावं.