कालंजराच्या हातातला तुकडा

एका राज्यात, जिथे पोपट कोतवालाला वाट सांगत आणि डोंगर दर पौर्णिमेला कूस बदलत, हेमांगद नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला एकच लेक, मंजुघोषा. ती सोळा वर्षांची, हसरी, आणि पाय एका जागी न ठरणारी.

एके दिवशी दरबारात कालंजर जादूगार आला. त्याच्या हातात वीतभर लाकडाचा तुकडा होता, काळसर तांबडा, मध्ये सोन्यासारख्या रेषा. त्याने विचारले, "राजा, हे लाकूड कशाचे?"

राजाने त्याकडे नीट पाहिलेही नाही. "लाकूड ते लाकूड. त्याला नाव कशाला?"

"मग तुझ्या घरातही थोडे लाकूड असू दे," कालंजर म्हणाला. "ज्या दिवशी याचे नाव उच्चारले जाईल, त्या दिवशी शाप उतरेल. जो चुकीचे नाव घेईल, त्याची वाचा जाईल."

तुकडा तिथेच ठेवून तो निघून गेला, आणि मंजुघोषेची पावले लाकडाची झाली. दर अमावास्येला लाकूड वीतभर वर चढू लागले. पंडित आले, वैद्य आले, दूरदेशीचे लाकडाचे व्यापारी आले. कोणी चंदन म्हणाले, कोणी खैर, कोणी शिसव. सतरा जण मुके झाले. त्यानंतर दरबारात कोणी तोंड उघडीना.

गावकुसाला कान्हाजी सुतार राहत असे. मंजुघोषा ज्या पांगुळगाड्याला धरून पहिले पाऊल टाकायला शिकली, तो त्याच्याच हातचा. लाकूड तिच्या कमरेपर्यंत आले असे कळले, तेव्हा तो हातातले काम टाकून ओट्यावर बसून राहिला. त्याची बायको तान्हाई म्हणाली, "अहो, इथे बसून ती चालणार आहे का? जा की."

कान्हाजी दरबारात गेला. त्याने एकही नाव घेतले नाही. फक्त तुकडा मागितला आणि तीन दिवसांची मुदत मागितली. निघताना मंजुघोषेने त्याचा हात धरला. "कान्हाबाबा, तुमची वाचा गेली तर तान्हाई कोणाशी भांडेल?" तो हसला, पण दाराबाहेर येताच त्याने डोळे पुसले.

पहिल्या दिवशी त्याने वजन पाहिले. तुकडा तळ्यात सोडला तो थेट तळाला गेला. सागवान नव्हे, देवदार नव्हे, तरंगणारे कोणतेच नव्हे. कान्हाजीने मनातल्या मनात चाळीस नावे पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी वास पाहायचा होता. पण चाळीस वर्षे भुसा हुंगून कान्हाजीचे नाक केव्हाच गेले होते. त्याने रंध्याने पातळसा कपचा काढला आणि तान्हाईच्या हातावर ठेवला. तिने हुंगला, पुन्हा हुंगला. "हे झाड नाही हो," ती म्हणाली. "न्हाऊन उन्हात केस वाळवत बसलेल्या पोरीचा वास आहे हा."

तिसऱ्या दिवशी सकाळी कान्हाजीने दारच्या लिंबावरच्या सुतारपक्ष्याला हाक मारली. धंदा एकच, म्हणून दोघांचा जुना घरोबा होता. पक्ष्याने तुकड्याला चोच लावली आणि झटकन मागे घेतली. म्हणाला, "याच्यावर टोच मारवत नाही. आत कोणी निजले आहे. याचा बुंधा मला ठाऊक आहे, चल."

पक्षी वर आणि कान्हाजी खाली, असे दोघे दुपारपर्यंत रान तुडवीत गेले. सात कड्यांच्या मध्ये एक तोडलेला बुंधा होता, आणि त्याला टेकून कालंजर बसला होता. शाप देणारा कालंजर तो, पण इथे अगदी थकलेला म्हातारा दिसत होता.

कान्हाजीने तुकडा त्याच्यापुढे ठेवला. "महाराज, ही कोणाची पोर?"

कालंजराने तुकड्यावरून हात फिरवला. मग त्याने सांगितले. पोर त्याचीच. मंत्र शिकायला तिने नकार दिला, आणि रागाच्या भरात त्याच्या तोंडून 'झाड हो' असे निघून गेले. त्या मंत्राने तिचे नाव सगळ्या जगाच्या आठवणीतून पुसले, त्याच्याही. राजवाड्याच्या महाद्वारासाठी राजाच्या माणसांनी ते झाड तोडले, आणि तिचा एवढा तुकडा मागे राहिला.

"मी राजाला कोडे घातले नव्हते, सुतारा," तो म्हणाला. "मी खरेच विचारीत होतो."

"तुमची पोर गेली, म्हणून दुसऱ्याची न्यायची?"

कालंजराने मान खाली घातली.

कान्हाजीला राग होता, पण म्हाताऱ्याची झुकलेली मान पाहून तो विरला. आजवर किती पाळणे त्याने घडवले होते, आणि त्यांच्या दोऱ्या ओढणारे किती आईबाप पाहिले होते. त्याने तुकडा उचलून कालंजराच्या मांडीवर आडवा ठेवला.

"डोक्यात नाव नसेल. पण तिला निजवताना काही गात असाल ना? तेच म्हणा. जीभ आपली वाट विसरत नाही."

कालंजर आधी नुसता हलत राहिला. मग गुणगुणला. सूर फाटका होता.

"हळू ये गं वाऱ्या, मंदावली पणती,
गोष्ट अर्धी राहिली, निजली शेवंती..."

आणि तो थांबला. नाव आपल्याच तोंडून आले, हे त्याला उशिरा कळले.

मांडीवरचा तुकडा उबदार झाला. बुंधा फुटला आणि त्यातून एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या केसांत भुसा होता. त्याच घटकेस राजवाड्याचे महाद्वार नाहीसे झाले, नुसती चौकट उरली, आणि त्या चौकटीतून मंजुघोषा आपल्या पायांनी धावत बाहेर आली. सतरा मुक्यांना एकदमच वाचा फुटली. ते तीन दिवस बोलत होते. राजा हेमांगद अनवाणी रानात आला आणि त्याने बुंध्यापुढे हात जोडले. पुढे त्याच्या राज्यात कोणतेही झाड तोडण्याआधी त्याचे नाव विचारण्याची रीत पडली.

पण हे सगळे कान्हाजीला नंतर कळले. त्या दुपारी कान्हाजी काय घडते ते पाहत उभा होता. शेवंतीने बापाकडे पाहिले.

"बाबा, मला अजूनही मंत्र शिकायचे नाहीत."

"नको शिकूस," कालंजर म्हणाला, आणि तिच्या केसांतला भुसा एकेक करून वेचू लागला.

सुतारपक्ष्याने कान्हाजीच्या खांद्यावर चोच आपटली. बापलेकीला तसेच सोडून दोघे घराकडे वळले, कारण तान्हाई जेवायची थांबली होती.

कालंजराला त्याची लेक मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो.