मागलीचं तळं

दिवस कासराभर वर आला होता, तेव्हा ठकूची पोर रडायची थांबली. तिथून हे सुरू झालं, असं सांगतात. हे म्हणजे, दोन दिवस रान तुडवून या तळ्यावर आलेली माणसं पाण्याला तोंड न लावता काठावर बसून राहतात, ते.

त्या साली खालचे झरे आटले होते. म्हाकू धनगर भावकीतली दहा माणसं आणि एकतीस म्हशी घेऊन या पठाराकडे निघाला. त्याची सून ठकू सगळ्यांच्या मागे. पाठीला झोळीत चार महिन्यांची पोर. नवरा तूप घेऊन कोकणात उतरलेला, त्यामुळे ‘जरा थांबा’ म्हणायला तिच्या बाजूचं कुणीच नव्हतं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, मला दूध उतरंना. पोर सारखी रडती."

"रडती म्हंजी जित्ती हाय," सासरा मागं न बघता बोलला. "पाय उचल."

आणि दुसऱ्या दिवशी पोर गप झाली. ठकू दर दहा पावलांवर झोळी पुढं घ्यायची, नाकाखाली बोट धरायची, पुन्हा चालायची. पुढच्या म्हशींच्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या. सोबतीला फक्त मोरी, लंगडी म्हैस. तिची शेपटी धरून ठकू खिंडीपर्यंत आली. तिथं मोरी बसली. तिला टेकून ठकूही बसली, आणि मग तिला उठवेना.

तिकडे म्हशींना पाण्याचा वास आला नि त्या धावत सुटल्या. म्हाकू पोटभर प्याला, मुंडासं बुचकळून डोक्याला गुंडाळलं, आणि सवयीनं म्हशी मोजल्या. तीस. माणसं त्यानं कधीच मोजली नव्हती, म्हणे. तो काठी घेऊन उलटा फिरला, मोरीला शोधायला.

काठीचा आवाज आला तेव्हा ठकूला वाटलं, मामा आपल्यालाच न्यायला आले.

"मोरी कुठंय गं?" त्यानं लांबूनच विचारलं.

तिनं झोळी पुढं केली. "पाणी," एवढंच म्हणाली.

त्याच्या हातात काठी होती. पाणी आणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

सासऱ्याच्या डोक्याला सुनेनं हात लावायचा नसतो. ठकूनं लावला. मुंडासं ओढून काढलं, आतली घडी अजून ओली होती, ती पोरीच्या तोंडावर थेंब थेंब पिळली. बराच वेळ काही झालं नाही. मग पोर रडली.

म्हाकूनं काठी खाली ठेवली. "रडू दे," म्हणाला. "हितनं फुडं मागली प्याल्याबिगर ह्या तळ्यावर कुणी पिणार न्हाई."

आजही पुढं पोचलेला माणूस मुंडासं भिजवतो, आल्या वाटेनं मागं जातो आणि सगळ्यात मागच्याच्या ओंजळीत पिळतो. तो प्याला की मग बाकीचे. तुम्ही आता उतराल, वाटेत वर येणारे भेटतील. त्यांना एवढं सांगा, पाणी दिसलं तरी आधी माणसं मोजा.