सावलीतली आई

फोटो अजून काळे-पांढरेच निघत आणि कॅमेऱ्याच्या पोटात बोलणी चालत, त्या काळची ही गोष्ट.

केरबाच्या लग्नात अंगणात फोटो काढायचं ठरलं. पांढरा फेटा बांधून केरबा उन्हात उभा राहिला. त्याची विधवा आई सारजाबाई मात्र मागे, ओसरीच्या सावलीतच थांबली.

"जरा जास्त वेळ उघडं राहा," फिल्म शटरला म्हणाली. "त्या माउलीवर उजेड फार थोडा आहे."

"मग फेटा पांढराफटक पडेल. त्याचा एकही पीळ दिसायचा नाही."

"फोटो कागदावर छापताना फेटा सावरता येईल. पण जे माझ्यापर्यंत पोचलंच नाही, ते कुठून आणणार?"

शटरला फेट्याची भूल पडली होती. ते झटकन मिटलं.

फिल्म धुतली, तेव्हा फेटा सुरेख उमटला होता. सारजाबाईच्या जागी फिल्म काचेसारखी कोरी होती.

वर्षाच्या आत सारजाबाई गेली. केरबा स्टुडिओत आला. "आईचा एवढाच फोटो आहे. तिचा चेहरा तेवढा मोठा करून द्या."

फोटोग्राफरने खूप खटपट केली, पण फिल्मच्या कोऱ्या जागेतून कागदावर काळोखच उतरला. केरबा त्यावरून बोट फिरवत बसला.

फळीवरच्या कॅमेऱ्यातलं शटर कळवळलं. "आता तू म्हणशील तितका वेळ मी उघडं राहीन."

"राहशील," टेबलावरची ती धुतलेली फिल्म म्हणाली. "पण ओसरीत आता कोण उभं आहे?"