बोल्ट आणि स्प्रिंगवहिनी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की कुणाचा राग माझ्यापर्यंत आला तर तो तसाच पुढच्यावर ढकलायचा नाही. तेव्हा ऐकायला येणाऱ्या बायकांना मी ही गोष्ट सांगत असे.

फार मागे एका जंगलचौकीत एक रायफल होती. गोळी सुटली की तिचा बोल्ट मागे धावे, रिकामं काडतूस बाहेर टाके आणि परत येताना नवी गोळी भरे. मागे बसलेली स्प्रिंग त्याला हळूहळू थोपवी, मग पुढे पाठवी.

एकदा बोल्ट वैतागला. "वहिनी, सारखं काय अडवता? मला मोकळं धावू द्या."

"धावा की, भावोजी," म्हणत स्प्रिंग अंग सैल सोडून बसली.

त्याच दिवशी वनरक्षक येसूची निशाणेबाजीची परीक्षा होती. नापास झाली तर तिची चौकीवरची नोकरी जाणार होती. पहिली गोळी सुटली, बोल्ट सुसाट मागे जाऊन आदळला आणि तिथंच अडकला. येसूचा खांदा कळवळला. दुसरी गोळी भरलीच गेली नाही.

"भावोजी, येताय ना परत?"

"येतो कसला! वहिनी, ढकला हो मला."

स्प्रिंग हसली, पुन्हा ताठ झाली आणि तिने बोल्टला पुढे पाठवलं. उरलेल्या गोळ्या येसूने शांतपणे मारल्या आणि ती पास झाली.

येसूच्या खांद्याला टेकलेला रायफलचा दस्ता म्हणाला, "धक्का पहिल्याइतकाच होता हो. वहिनींनी तो थोडा थोडा करून दिला."

बाई गं, आज घरात कुणाचा धक्का तुझ्यापाशी आला, तर तूही स्प्रिंगवहिनीसारखंच कर.