शेवटची आठळी

डोंगराला अजून नावही पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. वैशाखाच्या वावटळीत तिथला शेवटचा फणस उन्मळून पडला. प्राण जाता जाता त्याने फांदीवरच्या शेकरूमावशीला हाक मारली, "बाई, वानरांनी खाऊन ही एकच आठळी उरली आहे. माझा वंश आता तुझ्या हाती."

मावशीने आठळी उराशी धरली. बी ठेवायची तर खडखडीत वाळवून ठेवायची, हे तिला आईने शिकवलेलं. तिचे चिंचोके दरसाल असेच तगत. तिने आठळी तापल्या कातळावर ठेवली.

"मावशी, घसा सुकला गं. मला आजच मातीत ठेव."

"ओल्यात कुजशील, वेडे. जरा कळ काढ, पाऊस आला की पेरते."

"तोवर मी राहणार नाही."

"अभद्र बोलू नये," असं म्हणत मावशीने मायेने तिची कूस बदलली. कावळ्यांना हाकलत ती दिवसभर राखण करत बसे. पुढे आठळी बोलेनाशी झाली. मावशीला वाटलं, पोर शहाणी झाली.

पाऊस आला. मावशीने चिंचोका आणि आठळी शेजारी शेजारी पेरली. चिंचोक्याला कोंब आला. आठळी उकरून पाहिली, तर काळी पडून कुजलेली.

"माझंच चुकलं!" मावशीने ऊर बडवून घेतला. "पोरीला ऊन कमी पडलं."

पुढच्या साली जांभळं पिकली. मावशीने त्यांच्या बिया कातळावर पसरल्या आणि दुप्पट दिवस उन्हात ठेवल्या. त्यांचाही घसा सुकत होता.