तिसऱ्या घंटेला

तिसरी घंटा झाली की बाकं एकदम करकरायची. दीडशे माणसं एका वेळी उठल्याचा तो आवाज. भरल्या देवळात मी तो शेवटचा ऐकला, त्याला आता बत्तीस वर्षं झाली. त्याच रविवारी मंडळी फुटली. माझी लेक दिलेली माणसं तिकडे गेली, मी इकडे राहिलो. आता दोन्हीकडचे आम्ही भेटतो ते कबरस्थानात.

मला आठवते ती त्याच्या आदल्या दिवसाची दुपार.

"मग लोक उभे कुणासाठी राहतात, गुरुजी? तेवढं सांगा."

विचारणारे आमचे पाळक, चक्रनारायणसाहेब. ज्यांना विचारलं ते वैरागर गुरुजी, त्यांच्या आधीचे पाळक. सत्तरी उलटलेली. देवळामागच्या दोन खोल्यांत राहायचे. चक्रनारायणसाहेब लहान असताना बायबलचे धडे त्यांनीच दिले, बाप्तिस्माही त्यांच्याच हातचा. पाळक झाल्यावरही साहेब त्यांना गुरुजीच म्हणत.

गुरुजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी समोरच घंटेला नवा दोर बांधत होतो. कागदावर मी नथनेल, हाकेला नाथा. घंटा माझ्याकडे.

आमच्याकडे तीन घंटा. पहिलीला आवरायचं. दुसरीला घर सोडायचं. तिसरीला उभं राहायचं. मग पाळक दारातून येतात, पुढे मेजाजवळ जाऊन "बसा" म्हणतात, आणि उपासना सुरू होते.

चक्रनारायणसाहेबांची बदली झाली होती. बिशपसाहेबांचं पत्र आलं होतं, आणि साहेब जाणार नव्हते. उद्या देवळात ते सांगणार होते, माझ्याबरोबर जे आहेत त्यांनी उठा आणि बाहेर चला, शाळेच्या पटांगणात आपली वेगळी मंडळी करू. त्या वेळी गुरुजींनी शेजारी बसावं, एवढंच मागायला ते आले होते.

गुरुजी शेजारी बसले असते तर सगळी मंडळी उठली असती. हे साहेबांना ठाऊक होतं. मलाही होतं.

"सहा वर्षं, गुरुजी," साहेब म्हणाले. "छपराचे पत्रे कुणी बदलले? बोअर कुणी घेतली? बिशपसाहेब एकदा तरी आले का बघायला?"

"नाही आले."

"मग पत्र बरं पाठवता येतं."

"चुकले असतील. तेही माणूसच."

"म्हणजे तुम्हालाही पटतंय."

"पत्रे चांगले बसवलेस," गुरुजी म्हणाले. "गळत नाही आता."

साहेबांना ते लागलं. ओट्याच्या पायरीवर बसले होते, ते उठले. चपला काढून ठेवल्या होत्या, अनवाणीच दोन फेऱ्या मारल्या.

"दर रविवारी तिसऱ्या घंटेला मी दारातून येतो. दीडशे माणसं उभी असतात. पोरंसोरं, म्हातारी. कुणी त्यांना जबरदस्ती केली नाही. उद्या मी म्हटलं चला, तर ती बसून राहतील?"

"नाही राहायची. निम्मी तरी येतील."

"मग?"

गुरुजींनी एक शेंग फोडली. दाणा किडका निघाला. बाजूला टाकला.

"तिसऱ्या घंटेला दारातून यायचं, हे तू कुठे शिकलास?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडेच. तुम्ही तसेच यायचात. पांढरा झगा, हातात पुस्तक. मी आईच्या शेजारी उभा असायचो. वाटायचं, आपणही असंच यावं."

"हं…" गुरुजी म्हणाले.

मी दोराला गाठ मारली, ती सोडली, पुन्हा मारली.

"नंतर मात्र तुम्ही आधीच येऊन मागच्या बाकावर बसू लागलात," साहेब म्हणाले. "तिसरीला सगळ्यांबरोबर उठायचात आणि मग पुढे जायचात. आई म्हणायची, गुरुजींचे पाय दुखतात."

"पाय धड होते."

"मग काय झालं होतं?"

"ताप आला होता एका रविवारी. आत पडलो होतो, या खिडकीखाली. कुणाला कळवलंही नव्हतं. या नाथाने वेळ झाली तशी तिसरी वाजवली. मी मनात म्हटलं, आज कोण उठतंय? दारात तर कुणीच नाही…"

"आणि?"

"बाकं करकरली."

साहेब थांबले. मग चेहरा जरा उजळला. धड्याचं उत्तर सापडावं तसा.

"म्हणजे तुम्हाला देवाने दाखवून दिलं. केवढा आनंद झाला असेल."

"नाही," गुरुजी म्हणाले. "वाईट वाटलं."

"वाईट?"

"रडलो. ताप होता म्हणून कुणी विचारलं नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या रविवारची घंटा मीच वाजवली होती, पण मला हे ठाऊक नव्हतं.

"बावीस वर्षं मी दारातून येत होतो, सुमित्र. तू पाहिलंस ते त्यातलं. मी पुढे शिकवलं एक, आणि तू दाराकडे बघून शिकलास दुसरं. तुला एकट्याला कसं बोलू?"

साहेब आता हळू बोलले. "मग उद्या याल ना?"

गुरुजींनी हातातली टरफलं झटकली.

"नाथा, दोर बांधून झाला?"

"झाला, गुरुजी."

"तिसरी वाजव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आज शनिवार आहे."

"शनिवारच आहे."

"आणि पहिली, दुसरी?"

"नकोत."

साहेब हसले. "गुरुजी, तुमचं वय झालं आता."

"ते नाथालाही दिसतं, आणि त्याचा एक डोळा गेलाय. वाजव रे."

मी वाजवली. नवा दोर हाताला कापत होता. तिसरीचे सात ठोके, मोजून दिले. पलीकडच्या बाभळीवरचे कावळे उठले. रस्त्याने कुणी आलं नाही.

"बघा," साहेब म्हणाले. "कोण आलं?"

गुरुजींनी देवळाच्या बाजूच्या दाराकडे बोट केलं. ते उघडंच होतं. ओट्यावरून मेजापर्यंत सगळं दिसायचं.

आत रिबकाबाई होती. दर शनिवारी ती देऊळ झाडायची. नवरा नाही, पोर नाही. दोन्ही गुडघे धरलेले, म्हणून बसून सरकत सरकत झाडायची. घंटेचं शनिवारी काय काम, हे तिनेही मनात म्हटलं असेल. पण खराटा खाली ठेवला होता. एका हाताने बाक धरलं होतं, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर ओढत होती.

उठायला तिला फार वेळ लागला. आम्ही तिघं बघत होतो. बाक एकदा करकरलं.

ती उभी राहिली. तोंड मेजाकडे. मेजावर उद्यासाठी धुतलेला कपडा घडी करून ठेवला होता, दुसरं काही नव्हतं. समोर कुणी नव्हतं.

तिने आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

"तिला माहीत नाही आपण इथे आहोत ते," साहेब म्हणाले.

"नाही."

"सवय आहे तिला. घंटेची सवय."

"असेल."

"गुरुजी, एका म्हातारीवरून…" पुढचं त्यांनी सोडून दिलं.

रिबकाबाईचे पाय थरथरायला लागले. लुगड्याची किनार हलत होती, ती ओट्यावरून दिसत होती. बाक दोन्ही हातांनी धरलं, पण बसली नाही. बसा म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी बसत नाही. मी जायला निघालो. गुरुजींनी नुसता हात वर केला, मी थांबलो.

"तिला उभं तू केलं नाहीस," ते म्हणाले. "मीही नाही."

साहेब दाराकडे बघत होते.

"आत जा, बाळा. तिला बसा म्हण. आपल्याला तेवढंच दिलंय."

चक्रनारायणसाहेब पायरी उतरले. चपला पायात घातल्या. दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थोडं थांबले… मग भिंतीच्या कडेने वळले आणि फाटकातून निघून गेले.