शाकटाक्षाची मान

कृतयुग ओसरत आले होते, परंतु ऋषींचा कोप तेवढा ओसरला नव्हता. त्या काळी वेत्रवनात, देवदारांच्या गर्द छायेत, महर्षी शाकटाक्षाचा आश्रम होता. तेथील दंडक असा, की नव्या राजाने महर्षींपुढे उभ्यानेच हनुवटी छातीला टेकवावी. मग मानेवर भस्म लावून महर्षी त्याला राज्य करण्याची आज्ञा देत.

महर्षींची कन्या शुचिव्रता आपल्या पुत्राला, राजा चित्रायूला, घेऊन आली. आजोबा-नातवाची ही पहिलीच भेट. चित्रायूने हात जोडले, डोळे मिटले. मान मात्र लवली नाही.

"उन्मत्ता! आजापुढेही ताठा?" महर्षींनी ओंजळीत पाणी घेतले. "ज्याची मान माझ्यापुढे लवत नाही, त्याचे मस्तक या क्षणी—"

"थांबा, तात!" शुचिव्रता मध्ये धावली. "हा ताठा नव्हे. याच्या मानेचे वरचे हाड जन्मतःच कवटीला जडलेले आहे. कोणी म्हणाले, पूर्वजन्मीचा गर्व. कोणी म्हणाले, गर्भिणीने ग्रहण पाहिले. वीस वर्षे मी तो दोष मुकाट्याने सोसला. आज विचारते, तात, तुम्ही स्वतः हनुवटी छातीला कधी टेकवली आहे?"

महर्षी हसायला गेले आणि हसू ओठांवरच थिजले. देवापुढे ते दंडवत घालीत, त्याला मान लववावी लागत नाही. आणि माणसांपुढे वाकण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी मान लववून पाहिली. ती तसूभरही हलली नाही.

"माझेच हाड!" महर्षी किंचाळले. "पण कन्ये, तुझी मान तर लवते!"

"मला न शिवता ते माझ्यातून याच्याकडे गेले, तात."

सारा आश्रम हादरला. शापाचे पाणी ओंजळीत उकळत होते. ते कमंडलूत परत जात नाही, आणि भूमीवर पडले तर नातवाचे मस्तक जाणार. महर्षी म्हणाले, "मुली, तुझा काहीच दोष नव्हता." आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकले. त्यांची वाणी तत्क्षणी जळाली.

मग मूक महर्षी उठले आणि नातवासमोर उभे राहिले. दोन ताठ माना, दोघांचे डोळे समोरासमोर. भस्म त्यांनी त्याच्या कपाळाला लावले.

तेव्हापासून वेत्रवनात कोणालाही मान लववायला सांगत नाहीत. भस्म कपाळालाच लावतात, आणि लावणारा समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो.